नाव कुणाला दिसावं

माझ्या मुलीचं नाव पुतण्यानं पुसलं नव्हतं. लपवलं होतं. या दोन्हींत फरक असतो असं मला तीन-चार शिकल्यासवरल्या माणसांनी समजावून सांगितलं. सांगताना प्रत्येकाला वाटत होतं, म्हातारीला एकदा कळलं की ती गप घरी जाईल. मला कळलं. मी गप घरी गेले नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातली दोन वर्षं मराठी, दोन कन्नड, म्हणून दोन्हीकडचं अर्धं अर्धं. वाचते, पण अक्षराखाली बोट धरून. हे मी सांगतेय आणि मुलगी लिहून घेतेय. एक-दोन ठिकाणी ती म्हणाली, आई, हे नको लिहायला. मी म्हटलं, लिही.

आमचा समाज बंगळुरात चार पिढ्यांचा. शिवणकाम करणारी माणसं. चामराजपेटेत समाजाचा हॉल आहे, खाली लग्नं लागतात, वर कमिटीची खोली. काही वर्षांपूर्वी कमिटीनं ठरवलं की सगळ्या घरांची माहिती कंप्युटरवर चढवायची. घराला एक पान. पानावर फोटो, कुळ, देवक, मूळ गाव, घरात कोण कोण. आता सोयरीक जमवायची तर आधी ते पान बघतात. पूर्वी बायका हळदीकुंकवाच्या निमित्तानं घर हुंगून जायच्या, आता फोनवर बोट सरकवतात. पानावर असेल तो माणूस. नसेल तो नाही.

नवरा होता तेव्हा आमचं पान आम्ही दोघांनी सांगून करून घेतलं. कमिटीची दोन माणसं घरी आली, कॉफी प्यायली, लिहून घेतलं. माझं नाव, ह्यांचं नाव. दीर वारलेले, जाऊ वारलेली, त्यांचा मुलगा म्हणजे माझा पुतण्या, तोही आमच्याच पानावर, कारण मूळ घर एकच. त्याची बायको, त्याच्या दोन मुली. मग आमची मुलगी. एकुलती एक. तेव्हा ती नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडं येऊन दोन वर्षं होत आली होती. तिच्या नावापुढं काय लिहायचं म्हणून ते दोघे पेन धरून बसले. हे म्हणाले, "नाव लिहा. पुढं काही लिहू नका." नवऱ्याची मला आवडलेली गोष्ट सांग म्हटलं तर मी हीच सांगीन. बाकी फार नाहीत.

तर त्या पानाला एक मालक असतो. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. मालकानं नाव घालायचं, बदलायचं, झाकायचं. हे होते तोवर मालक हे.

हे गेले. दोन वर्षं अंथरुणात काढून गेले. त्या दोन वर्षांत मुलगी पहाटे उठून ह्यांना पुसून, कपडे बदलून, मग बसवनगुडीला लॅबमध्ये कामाला जायची. ती लोकांचं रक्त काढते. संध्याकाळी येऊन परत तेच. पुतण्या त्या दोन वर्षांत चार वेळा आला. मोजलंय मी.

चौदाव्या दिवशी आमच्यात पागोटं बांधतात. बाप गेला की मुलाच्या डोक्याला. मुलगा नसला की भावाच्या मुलाच्या. सगळी बाप्ये मंडळी बसली, पुतण्या पाटावर बसला, कमिटीचे अध्यक्ष अण्णा पागोट्याचं टोक हातात धरून मला म्हणाले, "अक्का, सरी ना, चालेल ना?" मी मान हलवली. चौदा दिवस धड न जेवलेल्या बाईला विचारलं तर ती कशालाही मान हलवते. मला वाटलं, पागोटं घटकाभराचं. पंगत उठली की सोडून ठेवतील.

मुलगी मागं दारात ताटं मांडत होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

महिन्याभरानं पुतण्याचा फोन आला. "काकू, काकांच्या फोनवर सहा आकडे आले असतील. वाचा की स्वल्प." मी चष्मा शोधला, बोट धरून एकेक आकडा वाचला. सहाच्या सहा, न अडखळता. वर त्यालाच विचारलं, "बरोबर वाचले ना रे?" "एकदम बरोबर, काकू." त्या दिवशी मला जरा बरं वाटलं होतं की आपल्याला जमलं. कमिटीच्या नियमात पागोटं ज्याच्या डोक्याला त्याला पान, आणि पान हातात यायला ते सहा आकडे. दोन्ही मीच दिले. एक मान हलवून, एक बोट धरून.

पुढच्या वर्षी समाजाचा मेळावा झाला. हॉलमध्ये भिंतीवर मोठा पडदा लावला होता आणि एकेका घराचं पान त्यावर दाखवत होते. ज्याचं घर येईल तो टाळ्या वाजवायचा. आम्ही मायलेकी मधल्या रांगेत. आमचं पान आलं. ह्यांचा हार घातलेला फोटो. मग पुतण्या, पागोट्यातला. त्याची बायको. त्याच्या दोन मुली, जरीच्या परकरात. खाली कोपऱ्यात मी. आणि बस.

मी परत वरून खाली वाचलं. मग खालून वर. बाजूला मुलगी बसली होती. ती पडद्याकडं बघत म्हणाली, "आई, नेट स्लो असेल. अजून यायचं असेल." तोवर पुढचं घर आलं. मागच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "ह्यांना मुलगी होती ना एक?" दुसरी म्हणाली, "शूऽ, इथंच बसलीय."

मुलगी जेवणाआधी उठून गेली. डोकं दुखतंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याच्या दुकानात गेले. त्याचं शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान आहे. ह्याच दुकानाची पहिली दोनशे काजं मी हातानं केलेली आहेत, तेव्हा त्याच्याकडं मशीन नव्हतं. गिऱ्हाईक होतं, म्हणून त्यानं मला स्टुलावर बसवून ठेवलं. गिऱ्हाईक गेल्यावरही जरा वेळ घड्याच घालत राहिला.

"या की काकू. कॉफी सांगू?"

"बेडा, नको. मुलीचं नाव कुठं गेलं?"

"जातंय कुठं? आहे तिथंच. हाइड केलंय नुसतं. हे बघा, मला दिसतंय." त्यानं फोन पुढं केला. बाकीची नावं काळी, माझ्या मुलीचं नाव राखाडी. ओल्या फरशीवर पाय उमटावा तसं.

"तुला दिसतंय. मला का नाही?"

"तुम्हाला कशाला दिसायला पाहिजे? ती तुमच्याच घरात बसलीय. चोवीस तास बघताच की!"

काउंटरवरची मुलगी फिस्सकन हसली. तोही हसला. मी हसणं संपेपर्यंत थांबले.

"का झाकलंस?"

मग त्यानं सांगितलं. त्याच्या थोरलीला हुबळीचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. "पहिलं काय विचारतात माहितीय, काकू? घरात कुणी परत आलेली आहे का. एवढंच विचारतात. मुलगी कशी आहे ते नंतर. मी काय करू? माझ्या पोरीचं वाटोळं करू? लग्न होऊ दे, परत दाखवतो. एका टिचकीचं काम."

"मग तुझ्या धाकटीचं असेल."

"असेल की." खोटं बोलायचीसुद्धा तसदी घेतली नाही त्यानं.

मी म्हटलं, "आत्ता दाखव. मी इथून उठणार नाही."

तो वाकून, आवाज खाली आणून बोलला. गोड आवाज आहे त्याचा, दुकानदाराचा. "काकू, रागावू नका. पण लपवायला मला शिकवलं कुणी? गल्लीत दोन वर्षं कोण सांगत होतं, जावई दुबईला गेलाय म्हणून मुलगी इकडं आलीय? मी फोनवर केलं, तुम्ही तोंडानं केलं. माझं पाप आणि तुमचं काय, पुण्य?"

मी स्टुलावरून उठले. त्याला वाटलं, जिंकला. पायरी उतरताना धरायला हात पुढं केला. मी धरला नाही.

आता हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर बाकीचं खोटं होईल. मुलीला दावणगेऱ्याला दिली होती. पहिल्यांदा ती परत आली लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. मी तिला चार दिवस ठेवून घेतलं, चकल्या तळून डबा भरला आणि मॅजेस्टिकला नेऊन दावणगेऱ्याच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून सांगितलं, सगळ्यांचं असंच असतं. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट मोडलेलं होतं. मी हाडवैद्याकडं नेलं, पट्टी बांधली, आठ दिवसांनी परत बसमध्ये बसवलं. या वेळी खिडकीतून काही बोलले नाही, बस सुटायच्या आधीच वळले. ते बोट अजून सरळ होत नाही. ती सुई उजव्या हातानं धरते म्हणून चालतं. तिसऱ्यांदा आली तेव्हा हातात फक्त लॅबच्या कोर्सची मार्कशीट होती, घडी करून. दारात उभी राहून म्हणाली, "आता बसमध्ये बसवायचं असेल तर दुसरीकडची बस बघ." मी आत घेतली. पण गल्लीत दुबई सांगितली. दोन वर्षं सांगितली. शेजारणी विचारायच्या, दुबईहून काय पाठवलं? मी सांगायचे, खजूर.

दुकानातून आले. हातात फॉल लावायच्या साड्या होत्या, त्या लावल्या. पुतण्या खरं बोलला होता. पण खरं बोलला म्हणून नाव झाकायचा हक्क त्याला येत नाही, हे मला तिसऱ्या साडीला सुचलं.

कमिटीतल्या दोघांना विचारलं, ते म्हणाले, डिलीट नाही, हाइड आहे, आम्हाला काही करायला जमत नाही, समाजाच्या कंप्युटरचं सगळं कमिटीच्या सेक्रेटरींची सून बघते. ती पुण्याची, व्हाइटफील्डला मोठ्या सोसायटीत राहते, तिथल्याच कंपनीत काम करते. मी मुलीला सांगितलं नाही. मार्केटहून मेट्रो, मॅजेस्टिकला बदलून दुसरी, शेवटपर्यंत. मग ऑटो.

सोसायटीच्या गेटवर पहारेकऱ्यानं अडवलं. कुठला फ्लॅट, कुणाकडं, काय काम. मी सांगितलं. तो म्हणाला, वरून परवानगी आली की सोडतो. फोनमध्ये माझा फोटो काढला, वर पाठवला. मी उन्हात उभी. माझ्यामागून आलेला जेवणाचा डबेवाला आत गेला. दूधवाला गेला. एक कुत्रा गेला, त्याला तर मालकीणच धरून होती. वीस-पंचवीस मिनिटांनी पहारेकरी म्हणाला, "अज्जी, होगी." जा म्हणाला.

सेक्रेटरींची सून माझ्याशी आधी हिंदीत बोलली. मी मराठीत उत्तर दिलं तेव्हा म्हणाली, "ओह, सॉरी आंटी, मला वाटलं नाही." काय वाटलं नाही ते तिनं सांगितलं नाही. पाणी दिलं. मांडीवर कंप्युटर घेऊन बसली. वाईट नाही ती. पण घड्याळाकडं बघत बोलते.

"आंटी, सिस्टिममध्ये प्रत्येक पानाला परमिशन असते. काही जण फक्त बघू शकतात. काही जण बदलू शकतात. आणि एकजण ठरवतो की कुणी काय करायचं. तो ओनर."

"तो माझा पुतण्या."

"बरोबर."

"आणि तू?"

"मी अॅडमिन."

"म्हणजे ओनरच्या वर?"

"टेक्निकली, हो."

"मग दाखव माझ्या मुलीचं नाव."

"करू शकते, पण करणार नाही, आंटी. आज तुमच्यासाठी केलं की उद्या शंभर घरं येतील, माझ्या सासूचं नाव काढ, माझ्या जावेचं झाक. मला कमिटीचं पत्र लागतं."

मला राग आला. पण इतक्या दिवसांत 'जमत नाही' असं न सांगता 'करणार नाही' असं सांगणारी ती पहिली होती, हेही खरं.

मी विचारलं, "कधी झाकलं ते तरी दिसतं का त्यात?"

"हो, सगळं दिसतं. कुणी, कधी, काय." तिनं बटणं दाबली. तारीख वाचली. "दुपारी एक वाजून तेहतीस मिनिटं."

ती तारीख मला कुणी सांगायला नको होती. ह्यांचं वर्षश्राद्ध होतं त्या दिवशी. दीडच्या सुमाराला पहिली पंगत बसली होती. पुतण्या माझ्या घरात, पहिल्या पाटावर, पागोटं बांधलेला म्हणून मानानं. डाव्या हातात फोन होता त्याच्या, मला आठवतं, मी मनात म्हटलंही होतं की जेवताना कसला फोन. आणि मुलगी त्याच्या पानात खीर वाढत होती.

मी ती तारीख आणि ती वेळ कागदावर लिहून मागितली. तिनं छापून दिली. वर मी निघताना एक सांगितलं, जे मी तिला विचारलंही नव्हतं. "आंटी, कमिटी दुसरं एक करू शकते. तुम्हाला वेगळं पान. आत्ता तुम्ही त्याच्या पानाच्या आत आहात, म्हणून त्याचं कुलूप तुम्हालाही लागतं. वेगळं पान केलं की त्याचं कुलूप त्याच्यापाशी, तुमचं तुमच्यापाशी."

"आणि माझा नवरा?"

"एक माणूस एकाच पानावर राहू शकतो. वारलेली माणसं जुन्या पानावरच राहतात."

मी परत मेट्रोत बसले. पूर्ण रस्ता उभ्यानं आले असते तरी कळलं नसतं.

कमिटी रविवारी अकराला बसते. मुलीची लॅब रविवारी एकपर्यंत असते, म्हणून ती नव्हती. पाचजण होते, अध्यक्ष अण्णा मध्ये. पुतण्याला बोलावून घेतलं होतं, तो इस्त्रीच्या शर्टात. मला खुर्ची दिली, पण दाराजवळची.

अण्णा म्हणाले, "अक्का, घरातलं भांडण घरात मिटवायचं असतं. इथं कशाला?"

"घरात मिटवायला गेले होते, अण्णा. तिथं हसले."

"पागोटं ज्याच्या डोक्याला, पान त्याचं. हा रिवाज आहे. आम्ही नवीन केला नाही."

"पागोटं बांधताना मला सरी ना म्हणून विचारलंत. तेव्हा सांगितलंत का, ह्याच्यात पोटच्या पोरीला झाकायचा हक्क येतो?"

एकजण म्हणाला, "तेव्हा कंप्युटरचं कुणाच्या डोक्यात होतं?" दुसरा म्हणाला, "अहो, डिलीट तर केलेलं नाही ना!" ते वाक्य मी तोवर इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा काही अर्थ उरला नव्हता.

मी तो कागद टेबलावर ठेवला. म्हटलं, वाचा. तारीख वाचा, वेळ वाचा. अण्णांनी वाचलं. मी म्हटलं, "त्या वेळेला हा माझ्या घरात माझ्या नवऱ्याच्या श्राद्धाला जेवत होता. त्याला खीर वाढणाऱ्या हाताचं नाव त्यानं खीर खाता खाता झाकलं. आता रिवाज सांगा मला. ह्याचा रिवाज कुठला?"

अण्णांनी कागद उलटा करून ठेवला.

पुतण्यानं घसा साफ केला. "मोठ्या माणसांनो, मी वाईट म्हणून केलं नाही. माझ्याही घरात मुली आहेत. आणि काकूंनी स्वतःच दोन वर्षं सगळ्यांना सांगितलं की नाही, जावई दुबईला आहे म्हणून? विचारा त्यांना."

हे तो काढणार हे मला माहीत होतं. आदल्या रात्रीपासून मी एकच ठरवलं होतं, की तो काढेल तेव्हा खाली बघायचं नाही.

"होय," मी म्हटलं. "खोटं सांगितलं. जावई दुबईला कधी गेला नाही. दावणगेऱ्यातच आहे. त्यानं माझ्या मुलीचं बोट मोडलं. आणि मी ते बांधून तिला परत त्याच्याकडं पाठवली. दोनदा पाठवली. तुमच्यापैकी कुणाच्या बायकोला मी खजूर आल्याचं सांगितलं असेल तर तेही खोटं. झालं? आता ह्याच्याकडं माझ्याबद्दल सांगायला काही राहिलं नाही. आता माझ्या मुलीचं नाव द्या."

पुतण्याकडं तेवढं एकच होतं.

अण्णांनी पुतण्याला विचारलं, "दाखवतोस का नाव?" तो म्हणाला, "लग्नानंतर. चार महिने." अण्णा माझ्याकडं वळले. "ऐक की अक्का. चार महिने कसे जातील कळणारही नाही. मुलीचं लग्न आहे. तुझीच नात."

मी म्हटलं, "चार दिवसही नाही."

मग ते पाचजण आपसांत कन्नडमध्ये बोलले, मी समोर नाहीच असं धरून. चामराजपेटेत जन्म गेला माझा, सगळं कळत होतं. एकजण म्हणत होता, म्हातारी हट्टी आहे, वेगळं पान देऊन टाका, कटकट जाईल. दुसरा म्हणत होता, बाईच्या नावानं पान, उद्या सगळ्या मागतील. अण्णा म्हणाले, मागतील तेव्हा बघू.

मग मराठीत मला सांगितलं, वेगळं पान मिळेल. अपवाद म्हणून. पण ह्यांचं नाव, फोटो, कुळ, देवक, सगळं पुतण्याच्या पानावर राहील, कारण पागोटं तिकडं आहे. "तुझ्या पानावर तू आणि तुझी मुलगी. दोघीच. चालेल?"

पन्नास वर्षं मी ह्यांच्या नावाखाली होते. आजारपणात विष्ठा काढली. आणि तिथं एका मिनिटात सांगायचं होतं, त्यांना तिकडं सोडते म्हणून. पुतण्या माझ्याकडं बघत होता. त्याला वाटलं, इथं मोडेल.

"चालेल," मी म्हटलं. "द्या पत्र."

पत्रावर अंगठा नाही, सही केली. हळू होते माझी सही. त्यांना थांबावं लागलं.

घरी आले तेव्हा मुलगी लॅबमधून येऊन भात लावत होती. मी पत्र पुढं ठेवलं, तिथं काय काय बोलले ते सगळं सांगितलं. तिनं वाचलं. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर मिठी मारेल. तिनं कुकरचं झाकण आपटलं.

"मला विचारलंस?"

"काय विचारायचं?"

"मला दिसायचं आहे का ते. त्यानं झाकलं, मला विचारलं नाही. तू दाखवायला गेलीस, मला विचारलं नाहीस. पाच बाप्यांसमोर माझं बोट काढलंस, मला विचारलं नाहीस. बसमध्ये बसवलंस तेव्हाही विचारलं नव्हतंस."

मी जेवले नाही. ती जेवली. ताट जोरात घासलं.

आठ दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मीठ, गॅस, दार लाव. नवव्या दिवशी मी तिला म्हटलं, सेक्रेटरींच्या सुनेला फोन लावून दे. तिनं लावून दिला, आणि आत निघून गेली. मी फोनवर सांगितलं, नवीन पानाची मालकीण मला करू नको. मुलीला कर. सून म्हणाली, "आंटी, पत्र तुमच्या नावाचं आहे." मी म्हटलं, "मालकीण मी आहे ना? मग मी ठरवते. दिलं तिला." ती म्हणाली, "अजून एकदा विचार करा. एकदा दिलं की तुम्हाला काही बदलता येणार नाही. तिनं तुमचंच नाव झाकलं तरी." मी म्हटलं, "झाकू दे."

या वेळी सहा आकडे मुलीच्या फोनवर आले. मी वाचायला गेले नाही.

तिनं तीन दिवस काहीच केलं नाही. पान होतं, पण कोरं. हुबळीची माणसं त्याच आठवड्यात पुतण्याकडं बोलणी पक्की करायला येऊन गेली. तारीख ठरली, पुढं लग्न झालंही, आमच्या हॉलमध्येच, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आम्हाला बोलावणं नव्हतं. बँड ऐकू येत होता. मी खिडकी लावली नाही. ऐकलं सगळं.

पण लग्न नंतरचं. पान मिळाल्याच्या चौथ्या दिवशी मुलीनं फोन माझ्यासमोर धरला. पानावर दोन नावं. वर तिचं, खाली माझं. बाजूला तिचा लॅबच्या कोटातला फोटो. सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं, समाजातल्या कुणालाही, पुतण्यालाही. मी बोट धरून वाचलं. माझं नाव तिनं नीट लिहिलं होतं, काना-मात्रा सगळं.

"मला काय काय करता येतं ह्यात?" मी विचारलं.

"बघता येतं."

"बदलता?"

"नाही. बदलायचं तुला देणार नाही, आई. कधीच."

मी म्हटलं, "सरी." आणि तिनं फोन परत घेतला.